उशाशी कोण बसणार?

आज पट्ट्याबद्दल लिहायचं ठरलं होतं. शस्त्रक्रियेनंतरचा तो घट्ट पट्टा किती आठवडे घालायचा, रात्री काढायचा का, हैदराबादच्या मे महिन्यात तो अंगावर सहन कसा करायचा, वगैरे. ते आज होणार नाही. काचीगुड्याहून एका बाईंचं पत्र आलंय आणि तो प्रश्न माझ्या, म्हणजे भूलतज्ज्ञाच्या, पेशाच्या इतका जिव्हाळ्याचा आहे की पट्ट्याला थांबावं लागेल. मुलीच्या पोटाचं लायपोसक्शन ठरलंय. क्लिनिकमध्ये सांगितलं, पूर्ण भूल नाही, ‘नुसती लोकल’ आहे, फार तर थोडं झोपेचं इंजेक्शन देऊ. भूलतज्ज्ञ लागत नाही, तेवढी फी वाचली. बाई विचारतात, मग धोकाही कमी झाला ना?

निम्मं उत्तर ‘हो’ आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हा लेखांक.

‘नुसती लोकल’ म्हणजे किती ते आधी बघू. दाढ काढताना डॉक्टर हिरडीत जे टोचतात ते लिग्नोकेन, आपल्या तोंडी बसलेलं नाव झायलोकेन. तिथे दोन-चार मिली लागतं, म्हणजे चाळीस ते ऐंशी मिलिग्रॅम. अ‍ॅड्रेनालिन मिसळून दिलं तरी किलोमागे ७ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, असं आम्हाला पहिल्याच वर्षी घोकायला लावतात. सत्तर किलोच्या माणसाला ४९० मिलिग्रॅम झालं की थांबा.

आणि लायपोसक्शनला? कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८५ मध्ये काढलेली आणि १९८७ मध्ये छापलेली पद्धत अशी. एक लिटर सलाईन, त्यात ५०० ते १००० मिलिग्रॅम लिग्नोकेन, एक मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन आणि थोडा सोडा बायकार्ब. हे लिटरच्या लिटर चरबीत भरायचं, कातडी तट्ट फुगेपर्यंत. १९९० मध्ये क्लाइन यांनी किलोमागे ३५ मिलिग्रॅमपर्यंत सुरक्षित म्हणून दाखवलं. सत्तर किलोला २४५० मिलिग्रॅम, घोकलेल्या आकड्याच्या बरोबर पाचपट! पुढे अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५५ पर्यंत मुभा दिली. खुद्द क्लाइन यांनी २०१६ मध्ये पुन्हा मोजमाप करून ४५ म्हटलं.

हे पचतं कसं? द्रव अतिशय पातळ असतो, चरबीत रक्तवाहिन्या कमी, आणि ज्या आहेत त्या अ‍ॅड्रेनालिनने आवळून धरलेल्या. त्यामुळे औषध रक्तात झिरपत झिरपत जातं. रक्तस्रावही याच कारणाने घटतो. जुन्या कोरड्या पद्धतीत बाहेर निघणाऱ्या ऐवजात कधीकधी तिसरा हिस्सा रक्तच असे. आता ते एखाद टक्क्यावर आलंय.

पण झिरपत जातं याचा दुसरा अर्थ असा की शिखर उशिरा येतं. सकाळी दहाला द्रव भरला तर रक्तातलं लिग्नोकेन सर्वांत वर जातं ते रात्री दहा-अकराच्या सुमारास, कधी मध्यरात्रीनंतरही. मुलगी दुपारी चारला घरी आलेली असते. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, बोलणं जड होणं ही पहिली लक्षणं. त्याच्या पुढे स्नायू उडायला लागतात, मग झटके, मग हृदय. रात्री झोपेची गोळी घेऊन ती आडवी झाली असेल तर ओठांच्या मुंग्या कोण सांगणार? त्या रात्री घरातलं कुणीतरी जागं राहायला हवं.

आता निम्म्या ‘हो’बद्दल. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी निव्वळ या पद्धतीच्या १५,३३६ रुग्णांचा हिशेब मांडला. मृत्यू एकही नाही. २००० साली प्लास्टिक सर्जनांच्या पाहणीत सगळ्या तऱ्हेची लायपोसक्शन धरली गेली, तेव्हा सुमारे पाच लाखांत ९५ मृत्यू निघाले, म्हणजे पाच हजारांत एक. त्यांत सर्वांत मोठं कारण पायातली गुठळी फुप्फुसात जाणं हे होतं. तेव्हा खरीखुरी लोकल, मोजलेली मात्रा, छोटा भाग आणि जागा रुग्ण असेल तर मी बिनतक्रार मान डोलावेन. मला खटकतं ते पत्रातलं ‘थोडं झोपेचं इंजेक्शन’. मिडाझोलम आणि प्रोपोफॉल ही औषधं थोडी आणि जास्त यांच्यामधली रेघ फार अंधुक ठेवतात. एका मिनिटाला माणूस घोरत असतो, पुढच्या मिनिटाला घोरणं थांबतं. सर्जनचे दोन्ही हात तेव्हा चरबी ओढणाऱ्या कॅन्युलावर असतात आणि डोळे पोटावर.

आणि इथे मला आपल्या गावाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या वाचकांना माहीत आहे, मी ती कुठे ना कुठे घुसवणारच होतो.

कोठीला जी रेसिडेन्सी आहे, जिथे पुढे बायकांचं कॉलेज आलं, तिथले सर्जन होते एडवर्ड लॉरी. एडिंबरोला जेम्स साइमच्या हाताखाली शिकलेले, आणि गुरूचं मत म्हणजे वेदवाक्य मानणारे. मत असं: क्लोरोफॉर्म दिलेला माणूस मरतो तो श्वास थांबून, हृदय बंद पडतं ते नंतर. तेव्हा नाडी धरून बसू नका, श्वास पाहा. लंडनची मंडळी उलट म्हणत. त्यांच्याकडे दाखले होते. १८४८ च्या जानेवारीत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दोन-तीन मिनिटांत गेली. क्लोरोफॉर्म वापरात येऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. हृदयच एकदम थांबलं, असं लंडनचे भूलतज्ज्ञ जॉन स्नो यांचं म्हणणं होतं.

लॉरींनी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारला गळ घातली आणि १८८८ मध्ये पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसला. कुत्र्यांवर प्रयोग झाले, निष्कर्ष लॉरींच्या बाजूने निघाला, आणि लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यावर शंका घेतली. मग निजाम सरकारने एक हजार पौंड देऊ केले: तुमचाच माणूस पाठवा, त्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा करू. १८८९ च्या अखेरीस लॉडर ब्रन्टन हैदराबादेत उतरले. ब्रन्टन म्हणजे हृदयशूळावर अ‍ॅमिल नायट्राइट वापरणारे, औषधशास्त्रातलं त्या काळचं मोठं नाव, आणि येताना ते हृदयाच्याच पक्षाचे होते. कुत्री, माकडं, शेळ्या, घोडे असे चारशेंच्या वर प्राणी या दुसऱ्या आयोगात खर्ची पडले. ब्रन्टन यांनी मत बदललं. लॉरी जिंकले. ज्या राज्यात आपला मराठवाडा होता, त्याच्या राजधानीत भूलशास्त्रातला त्या काळचा मोठा वाद तपासून पाहिला गेला, आणि तोही त्याच राज्याच्या खर्चाने. परभणी-नांदेडच्या शेतसाऱ्यातले काही रुपये त्या पौंडांत असणारच. आपल्या शाळेच्या पुस्तकांत यातलं एक अक्षर नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

लॉरींच्या मेडिकल स्कूलमधूनच १८८९ मध्ये रूपाबाई फर्दुनजी बाहेर पडल्या. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. या शहरातल्या इस्पितळांत त्यांनी वर्षानुवर्षं क्लोरोफॉर्म दिला. मध्येच १९०९ मध्ये त्या एडिंबरोला शिकायलाही जाऊन आल्या. क्लोरोफॉर्म त्या काळी बहुधा हाताशी असेल तो नवखा डॉक्टर देई. रूपाबाईंनी तेच आपलं काम मानलं.

आता गंमत. लॉरी चुकले होते. १९११ मध्ये लंडनमध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांना हलकाच क्लोरोफॉर्म दिला आणि वर अ‍ॅड्रेनालिन टोचलं. हृदयाचे खालचे कप्पे थरथरायला लागले आणि मांजर तत्काळ मेलं. श्वास नंतर थांबला. क्लोरोफॉर्म हृदयाला अ‍ॅड्रेनालिनच्या बाबतीत हळवं करून ठेवतो. हलक्या भुलेत, भीतीने किंवा वेदनेने शरीर स्वतःचंच अ‍ॅड्रेनालिन सोडतं. हॅना ग्रीनरसारख्या किरकोळ शस्त्रक्रियेतल्या मृत्यूंचं कोडं त्याने बऱ्याच अंशी सुटलं. हैदराबादच्या कुत्र्यांना भूल खोल दिली होती, त्यामुळे हे आयोगाला दिसलंच नाही.

अ‍ॅड्रेनालिन म्हणजे तेच, जे क्लाइन यांच्या प्रत्येक लिटरमध्ये एक मिलिग्रॅम आहे. क्लोरोफॉर्म गेला, पण १९५६ नंतर आलेल्या हॅलोथेनमध्येही हीच खोड होती. माझ्या उमेदवारीत सर्जनने अ‍ॅड्रेनालिनची सिरिंज उचलली की आम्ही आधी विचारायचो, किती देताय? आजचं सेव्होफ्लुरेन त्या मानाने पुष्कळ सोशिक आहे. म्हणून पूर्ण भूल द्यायची झाली तरी घाबरायचं कारण नाही. मात्र चरबीत काय आणि किती भरलं जातंय हे भूल देणाऱ्याला माहीत हवं.

लॉरींचं शास्त्र मागे पडलं, शिस्त राहिली. ऑपरेशन चालू असताना एका माणसाने दुसरं काहीही न करता रुग्णाचा श्वास बघत बसायचं. आज त्याच्या मदतीला बोटावर ऑक्सिमीटर असतो आणि नळीतून बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड दाखवणारा कॅप्नोग्राफ असतो. ऑक्सिमीटर जरा उशिरा ओरडतो. नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर फारच उशिरा. कॅप्नोग्राफवरची लाट मात्र श्वास थांबताक्षणी सपाट होते. यंत्रं दोन्ही हवीत, पण त्यांच्याकडे बघणारा माणूसही हवा. तेव्हा काचीगुड्याच्या बाईंनी क्लिनिकला विचारायचं ते असं: झोपेचं इंजेक्शन देणार असाल तर ते कोण देणार, आणि ऑपरेशन संपेपर्यंत मुलीच्या उशाशी कोण बसणार? भूलतज्ज्ञ असेल तर त्याने मुलीला आदल्या दिवशीपर्यंत तपासायला हवं, ओटीच्या दारात नव्हे.

त्या तपासणीत गोळ्या लपवू नयेत. मुद्दाम कुणी लपवत नाही, पण गजकर्णाची गोळी ही कुणाला औषध वाटतच नाही. इट्राकोनाझोल आठवडेच्या आठवडे चालू असतं आणि तेच यकृतात लिग्नोकेन मोडणाऱ्या एन्झाइमची वाट अडवतं. घशासाठी घेतलेलं क्लॅरिथ्रोमायसिनही तसंच. अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर अ‍ॅड्रेनालिनने रक्तदाब भलताच चढू शकतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो. यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नका, फक्त सांगा.

आणखी एक प्रश्न विचारा, क्लिनिकवाले चमकतील: २० टक्के लिपिड इमल्शनची बाटली ओटीत आहे का? लिग्नोकेनची विषबाधा हृदयापर्यंत पोचली तर शिरेतून द्यायचा हा उतारा आहे, सोयाबीन तेलाचा दुधासारखा पांढरा द्रव. शिकागोचे गाय वाइनबर्ग १९९८ पासून त्याच्या मागे होते, आता तो सर्वमान्य आहे. चरबी काढायला आलेल्या माणसाला वाचवायला चरबीच शिरेत सोडावी लागते. बाटली फार महाग नसते. नसेल तर ऑपरेशनची तारीख पुढे ढकला.

पट्टा पुढच्या आठवड्यात.

जाता जाता, मेहदीपट्टणमच्या एका वाचकांनी विचारलंय की ऑपरेशनआधी उपाशीपोटी म्हणजे चहाही नाही का. इराणी चहा नाही; त्यात दूध असतं आणि दुधाला आम्ही जेवणातच धरतो, सहा तास आधी बंद. कोरा चहा आणि पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. उस्मानिया बिस्किटं आदल्या रात्रीच संपवा.