सातपैकी किती दिवस?

साखरेचा आजार असलेल्या ताईला गटात विचारा, "पथ्य पाळता ना?" उत्तर ठरलेलं: "हो, पाळते की." ती खोटं बोलत नसते. पण चारचौघींत "नाही" कोण म्हणेल? अशा "हो"वरून काहीच कळत नाही.

टोबर्ट, हॅम्पसन आणि ग्लासगो या संशोधकांनी 2000 साली 11 प्रश्नांची एक प्रश्नावली छापली. ती आता बऱ्याच देशांत वापरली जाते. तिची युक्ती साधी आहे: काळजी घेता का, असं विचारायचं नाही. मागच्या सात दिवसांत किती दिवस घेतली, असं विचारायचं. उत्तर 0 ते 7 मधला आकडा. सात दिवसांचं आठवतं, महिन्याचं आठवत नाही. त्या आठवड्यात ताप-बिप असेल, तर त्याआधीचे बरे असतानाचे सात दिवस धरायचे.

प्रश्न जेवण, हालचाल, रक्तातली साखर तपासणं, पाय आणि धूम्रपान यांवर आहेत. गोळ्यांचा प्रश्न वाढीव यादीत आहे, तो आपण घ्यावाच. सिगारेटच्या जागी आपल्याकडे मिश्री विचारा. तंबाखू ती तंबाखूच, दाताला लावली म्हणून काय झालं!

जेवणाचं विचारताना उपवासाचे दिवस वेगळे विचारा. चतुर्थी, एकादशीला साबुदाणा-बटाटा खाल्ला तर तो दिवस पथ्याचा धरता येत नाही. आणि उपाशी राहून नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं तर साखर एकदम उतरू शकते. उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

हालचालीचे प्रश्न दोन आहेत. सलग अर्धा तास अंगमेहनत किती दिवस झाली, यात खुरपणी, कांदालावण, पाणी आणणं सगळं धरायचं. दुसरा प्रश्न कामाव्यतिरिक्त मुद्दाम केलेल्या व्यायामाचा. तिथे आपल्याकडे बऱ्याच जणींचं उत्तर 0 येईल. त्याला आळस म्हणू नका. जुन्नर-आंबेगावच्या ऊसपट्ट्यात पहाटे एकटीने फिरायला जायचं म्हणजे बिबट्याची भीती. म्हणून आकड्याशेजारी कारणही लिहा. उन्हं वर आल्यावर चौघींनी मिळून गावातल्या रस्त्याने चालायचं, असा मार्ग त्यातूनच निघतो.

साखर तपासण्याचं डॉक्टरांनी जेवढं सांगितलं असेल तेवढंच मोजा. पट्ट्या महाग असतात, आणि प्रत्येकीला रोज तपासायची गरज नसते.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पायांचा. "पाय रोज धुते" हे उत्तर चालत नाही. तळवे आणि बोटांच्या बेचक्या किती दिवस पाहिल्या? चपलेत हात घालून किती दिवस बघितलं? या आजारात पायाची जाणीव कमी होत जाते. काटा रुततो, खडा टोचतो, पण कळत नाही, आणि जखम चिघळल्यावर बोट काढायची वेळ येऊ शकते. पश्चिम पट्ट्यात भातलावणीला दिवसभर चिखलात उभं राहणाऱ्या ताईने रात्री बत्तीखाली पाय पाहायलाच हवेत. वाकता येत नसेल तर खाली आरसा धरायचा.

सगळ्या आकड्यांची बेरीज मात्र करू नका. गोळ्या सातही दिवस घेणारी ताई पाय एकही दिवस बघत नसेल. एकाचं दुसऱ्यावरून कळत नाही. बेरजेत तो 0 झाकला जातो. म्हणून वहीत प्रत्येक गोष्टीचा रकाना वेगळा.

विचारणारी दर महिन्याला तीच असावी, आणि तिने बाजूला बसून विचारावं. आकडे मीटिंगमध्ये वाचायचे नाहीत. गैरहजेरीला लावतो तसा दंड तर अजिबात नाही, नाहीतर पुढच्या महिन्यात सगळ्यांचेच सात येतील! पायाला जखम, फोड किंवा काळा डाग दिसला तर पुढच्या मीटिंगची वाट न बघता आशाताईला कळवा आणि त्याच दिवशी जवळचं रुग्णालय गाठा: जुन्नर, नारायणगाव, घोडेगावचं ग्रामीण किंवा मंचरचं उपजिल्हा. जाताना वही बरोबर न्या.