बलवान पाने आणि बिनहुकुमी बोली

तेरेखोलची नदी ओलांडली की सावंतवाडीच्या भोसल्यांचा मुलुख लागतो, आणि १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली जाईपर्यंत पेडणे महालही त्याच भोसल्यांच्या हुकमतीत होता. या मुलखातल्या चिताऱ्यांनी पिढ्यानपिढ्या रंगविलेली दशावतारी गंजिफा आज बहुधा काचेच्या कपाटात दिसते. १९७० नंतरच्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही कला राजवाड्यात आश्रय देऊन वाचविली नसती, तर ती कपाटातही उरली नसती. मात्र गंजिफा हा आधी खेळ आहे आणि मग चित्र, ही गोष्ट आपण विसरत चाललो आहोत. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एकापासून दहापर्यंतची पाने, अशी एकंदर १२० पाने असलेल्या या खेळाचे एक वैशिष्ट्य पत्ते खेळणाऱ्या कोणालाही विचारात पाडील: त्यात हुकूम नाही. मत्स्याच्या पानाला मत्स्याचेच वरचढ पान मारते आणि रामाच्या पानाला रामाचेच. एका रंगाने दुसऱ्यावर कुरघोडी करण्याची मुभाच नाही. त्यामुळे ज्याच्या हाती अनेक रंगांतली वरची पाने पसरलेली असतील तोच बलवान, असा या खेळाचा सरळ न्याय आहे.

मेंढीकोट किंवा लाडीस खेळून वाढलेल्या आपल्या माणसाची दृष्टी याच्या नेमकी उलट घडलेली असते. पेडणे-डिचोलीकडच्या घरांतून चवथीच्या दिवसांत आरत्या आटोपल्यावर ओसरीवर जो डाव मांडला जातो, त्यात सगळ्यांचे लक्ष हुकमाकडे असते, आणि एका रंगाची सहा-सात पाने ज्याला आली त्याचा चेहरा खुलतो. ब्रिज या खेळात हे दोन्ही न्याय एकाच वेळी नांदतात. चार रंगांपैकी एखादा हुकूम ठरवून, इतके हात करू असा करार करता येतो, तसाच कोणताही हुकूम न ठेवता, गंजिफेच्या रीतीने, बिनहुकुमी करारही करता येतो. हातातली पाने चारही रंगांत समप्रमाणात विखुरलेली, म्हणजे चार-तीन-तीन-तीन, चार-चार-तीन-दोन किंवा पाच-तीन-तीन-दोन अशा घडणीची असतील, आणि शिवाय त्यांत एक्के-राजे दाटीने बसलेले असतील, तर त्या पानांची बोली कशी करावी, हा ब्रिजमधला एक अत्यंत रमणीय विषय आहे. माझ्या मते या खेळाची सारी सभ्यता या एका प्रकरणात पाहावयास मिळते.

प्रथम हिशेब. एक्क्याचे ४ गुण, राजाचे ३, राणीचे २ आणि गुलामाचा १ असे मोजावयाचे. म्हणजे एका रंगात १० आणि साऱ्या पत्त्यांत ४० गुण होतात. मिल्टन वर्क यांच्या नावाने ओळखली जाणारी ही मोजणी १९४९ च्या सुमारास चार्ल्स गोरेन यांनी घरोघरी पोहोचविली. चार खेळाडूंत ४० गुण वाटले जातात, तेव्हा प्रत्येकाची सरासरी १० येते. २० किंवा त्याहून अधिक गुणांची पाने शंभरांतून जेमतेम दीड वेळा हाती लागतात. हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली एका जलप्रवासात सिद्ध केलेल्या गुणलेखनावर आधारलेल्या आजच्या पद्धतीप्रमाणे, बिनहुकुमी कराराच्या पहिल्या हाताला ४० आणि पुढच्या प्रत्येक हाताला ३० मिळतात, आणि १०० झाले की 'गेम' पुरा होऊन मोठे बक्षीस पदरात पडते. करारात सहाच्या वरचे हात मोजतात, म्हणून बिनहुकुमीत तीनची बोली, म्हणजे नऊ हात, गेमला पुरतात. इस्पिक किंवा बदाम हुकूम असता दहा लागतात, आणि चौकट वा किलवर असता अकरा. दोघा भिडूंचे मिळून २५-२६ गुण असले की नऊ हात बहुधा होतात, आणि ३३ असले की बारा हातांचा 'स्लॅम' आवाक्यात येतो, हे आकडे ब्रिज खेळणाऱ्याच्या जिभेवर असतात.

आता कल्पना करा की तुमच्या हाती २० गुण आले. उरलेले २० गुण इतर तिघांत वाटले गेले आहेत, म्हणजे समोरच्या भिडूकडे सरासरीने साडेसहाहून थोडे अधिक गुण असावयाचे. बेरीज सव्वीसच्या पुढे जाते. पण ही निव्वळ सरासरी आहे, आणि प्रत्यक्षात भिडूकडे शून्यही असेल वा बाराही असतील. नवशिक्याला अशा वेळी वाटते की सामर्थ्य माझ्या हाती आहे, तेव्हा निर्णयही मीच करावा. आणि तो एकदम तीन बिनहुकुमी म्हणून मोकळा होतो. येथेच तो फसतो. त्याला स्वतःची पाने माहीत आहेत, बेरीज माहीत नाही. उलट त्याने आपले बळ एका अरुंद हद्दीत, दोन गुणांच्या आत बांधून सांगितले, तर समोरच्या भिडूला बेरीज तत्काळ कळते. सबब बलवान पाने असणाऱ्याने आपला जबाब एकदा चोख द्यावा आणि मुखत्यारी भिडूकडे सोपवावी. सहा फुटकळ गुण घेऊन बसलेला तो भिडूच यापुढे कराराचा धनी होय. एवढे राजे-एक्के हाती असताना गप्प राहणे कठीण जाते, पण ते ज्याला साधले त्याच्याशी भिडू म्हणून बसण्यासारखा आनंद नाही.

या जबाबाची पायऱ्या-पायऱ्यांची एक मांडणी बहुतेक ठिकाणी रूढ झाली आहे. १५ ते १७ गुण असतील तर एक बिनहुकुमी. गोरेनच्या काळी ही हद्द १६ ते १८ होती. २० किंवा २१ असतील तर दोन बिनहुकुमी. मधल्या १८-१९ गुणांना मात्र थेट बोली नाही: प्रथम एखाद्या रंगाची एकची बोली करावयाची आणि भिडूने एकच्याच पातळीवर उत्तर दिल्यावर दोन बिनहुकुमीवर उडी घ्यावयाची. वाचक विचारील की हा आडवळणाचा दस्तूर कशासाठी, १८ पासून २१ पर्यंत सरसकट दोन बिनहुकुमीच का म्हणू नये? पाच गुण असलेल्या भिडूच्या जागी बसून पाहावे. १८ आणि ५ मिळून २३, तेव्हा थांबणे योग्य. २१ आणि ५ मिळून २६, तेव्हा गेम मागणे योग्य. हद्द जर एवढी रुंद ठेवली तर त्या बिचाऱ्याला अंदाजाने निकाल द्यावा लागेल, आणि अंदाजाने दिलेला निकाल अर्ध्या वेळा चुकेल.

२२ च्या पुढच्या पानांसाठी दोन किलवर ही बोली राखून ठेवलेली असते. किलवरशी तिचा काही संबंध नसतो. माझी पाने फार बलवान आहेत, एवढीच ती वर्दी आहे. भिडू बहुधा दोन चौकट असे ठरावीक उत्तर देतो, आणि मग दोन बिनहुकुमी म्हटले म्हणजे २२ ते २४ गुण समजावयाचे, तीन बिनहुकुमी म्हटले म्हणजे २५ ते २७. यातली पहिली तजवीज मला विशेष चतुर वाटते, कारण दोन फेऱ्या बोलूनही बोली दोनच्याच पातळीवर राहिली आणि पुढे विचारपूस करावयास तीनची सारी पातळी मोकळी उरली. तीन बिनहुकुमीत ती जागा खर्चून जाते, म्हणून २५-२६ गुणांची पाने २०-२१ च्या पानांपेक्षा सांभाळणे अधिक बिकट असते.

ही विचारपूस म्हणजे काय? भिडूकडे इस्पिक वा बदाम या वरच्या रंगाची चार पाने असतील, तर त्याला बिनहुकुमीपेक्षा त्या रंगाचा हुकूम बरा वाटेल, पण समोरही चार पाने आहेत काय हे कळले पाहिजे. त्यासाठी तो तीन किलवर म्हणतो. ही युक्ती अमेरिकेत जॉर्ज रापी यांना सुचली आणि त्यांचे भिडू सॅम स्टेमन यांनी १९४५ साली 'ब्रिज वर्ल्ड' या मासिकात लिहिल्यामुळे स्टेमन यांच्या नावावर रुजू झाली; इंग्लंडात जॅक मार्क्स यांनीही ती स्वतंत्रपणे शोधली होती. दुसरी युक्ती ऑस्वल्ड जॅकोबी यांनी १९५६ मध्ये त्याच मासिकातून प्रसिद्ध केली. तिच्यात ज्याच्याकडे इस्पिकची पाच पाने आहेत तो इस्पिक न म्हणता त्याच्या खालचा बदाम रंग बोलतो, आणि बलवान भिडूने मुकाट्याने इस्पिक म्हणावयाचे असते. पहिल्याने ऐकणाऱ्यास हा उगाच द्राविडी प्राणायाम वाटतो. म्हणून एक डाव, खेळाडूंना बसण्याच्या दिशांची नावे देऊन, पुरता उलगडून दाखवितो; दक्षिण आणि उत्तर हे भिडू.

दक्षिणेकडे इस्पिकचे एक्का, राणी, सत्ता. बदामचे राजा, छक्का, तिर्री. चौकटचे एक्का, राजा, अठ्ठा. आणि किलवरचे राजा, गुलाम, दश्शा, चव्वा आहेत. गुण भरतात २०. उत्तरेकडे इस्पिकचे राजा, गुलाम, अठ्ठा, पंजा, दुर्री, बदामचे नश्शा, चव्वा, दुर्री, चौकटचे सत्ता, पंजा, आणि किलवरचे राणी, छक्का, तिर्री, गुण ६. दक्षिण दोन बिनहुकुमी म्हणते. उत्तर तीन बदाम, दक्षिण आज्ञेप्रमाणे तीन इस्पिक, उत्तर तीन बिनहुकुमी. म्हणजे माझ्याकडे इस्पिकची पाच पाने आणि गेमपुरते गुण आहेत, आता दोहोंतून निवड कर. दक्षिणेकडे इस्पिकची तीन पाने असल्यामुळे ती चार इस्पिक म्हणते, आणि करार ठरतो. इस्पिकचे नाव दक्षिणेने प्रथम घेतले, म्हणून डाव दक्षिण खेळणार, तिच्या डावीकडच्या पश्चिमेने पहिली उतारी करावयाची, आणि उत्तरेची पाने टेबलावर उघडी पडणार.

बदामचे एक्का, राणी, अठ्ठा, पंजा आणि किलवरचा एक्का पश्चिमेकडे आहेत असे धरू. पश्चिमेने बदाम उतरला तर दक्षिणेच्या राजाला हात मिळतो. तिने दुसरे काही उतरले तर दक्षिण हुकूम काढून घेते, किलवर खेळून पश्चिमेचा एक्का बाहेर पाडते, आणि किलवरच्या चौथ्या पानावर उत्तरेचा एक बदाम टाकून देते. इस्पिकचे पाच, चौकटचे दोन, किलवरचे तीन: दहा हात पुरे झाले, बदामचा राजा हिशेबात धरावाही लागला नाही. आता समजा जॅकोबीची रीत वापरली नाही आणि उत्तरेने स्वतःच इस्पिक म्हटले. मग डाव उत्तर खेळणार, दक्षिणेची बलवान पाने सर्वांसमोर उघडी, आणि पहिली उतारी पूर्वेची. पूर्व बदामचा गुलाम उतरते. दक्षिणेचा राजा पश्चिमेच्या एक्का-राणीच्या कचाट्यात सापडतो. बदामचे तीन हात पाहता पाहता जातात, मग किलवरचा एक्का, आणि करार एका हाताने बुडतो. पाने तीच, हुकूम तोच, बोलीची पातळी तीच. फरक एवढाच की बलवान पाने झाकली राहिली की उघडी पडली. शिवाय भिडूकडे इस्पिकची पाच पाने आणि अवघे दोन गुण असतील तरी हीच रीत कामी येते: तीन बदाम, तीन इस्पिक, आणि पास.

मांडवीच्या पात्रात नांगरलेली कॅसिनोची जहाजे रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे पणजीत पत्ते म्हटले की पुष्कळांच्या मनात जुगार येतो, आणि घरातल्या मुलांना पत्त्यांपासून दूर ठेवण्याकडे वडीलधाऱ्यांचा कल असतो. मला याचे वाईट वाटते. स्पर्धेतल्या ब्रिजमध्ये तीच वाटलेली पाने क्रमाने अनेक टेबलांवर खेळली जातात आणि त्याच पानांवर इतरांनी काय मिळविले याच्याशी तुलना होते. चांगली पाने आली म्हणून कोणी जिंकत नाही. २०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला आणि पुरुष जोड्यांचे सुवर्णपदक प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार या, पन्नाशी उलटलेल्या बंगाली गृहस्थांनी भारताला मिळवून दिले. गणिताची गोडी असलेल्या डिचोलीच्या एखाद्या शाळकरी मुलाला हा हिशेब एका पावसाळ्यात येईल.

स्लॅमविषयी थोडे सांगावयाचे राहिले. दोन बिनहुकुमीवर भिडूने एकदम चार बिनहुकुमी म्हटले तर पुष्कळजण ती बोली ईस्ली ब्लॅकवुड यांनी १९३३ मध्ये योजलेली एक्के विचारण्याची बोली समजतात आणि एक्के सांगू लागतात. येथे तो अर्थ नाही. भिडूकडे १२ गुण आहेत. तुमच्याकडे २१ असतील तर ३३ भरतात आणि २० असतील तर ३२. तो तेवढेच विचारीत आहे. २१ असता सहा बिनहुकुमी म्हणावे, २० असता पास म्हणावे. पण वीस आणि वीस सारखे नसतात. पाच पानांचा एखादा रंग असेल, दश्शे-नश्शे राजा-राणीच्या आसऱ्याला बसलेले असतील, तर २० गुणांना मी खुशाल २१ मानतो. गुण राणी-गुलामांतच साठलेले असतील तर मानीत नाही. वरच्या डावातली दक्षिणेची पाने चार-तीन-तीन-तीन अशा सपाट घडणीची आहेत, आणि किलवरच्या दश्श्याखेरीज त्यांत मोलाची भर घालणारे काही नाही. ती पाने हाती असताना समोरून चार बिनहुकुमी आले असते, तर मी पास म्हटले असते.