हॉटेलातली भाकरी वीस रुपयांना, मग घरची फुकट कशी? एका भाकरीचा रानापासून ताटापर्यंतचा हिशोब

मंगळवेढा (प्रतिनिधी) : मागच्या महिन्यात पंढरपूर रस्त्याला एका ढाब्यावर आम्ही चौघं जेवायला बसलो. बाजाराचं काम उरकायला उशीर झाला होता, घरी जाईपर्यंत दहा वाजले असते. पिठलं, ठेचा, शेंगाची चटणी, कांदा आणि ज्वारीची भाकरी सांगितली. जेवण चांगलं होतं, त्यात वाद नाही. वाद झाला बिलावर. तंदुरी रोटी पंधरा रुपये आणि ज्वारीची भाकरी वीस रुपये.

आमच्यातला एक जण म्हणाला, "आपल्याच रानातली ज्वारी, अन् आपल्यालाच वीस रुपयांला? लुटतेत राव." मीही मान डोलावली. घरी येऊन तेच बायकोला सांगितलं. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "हॉटेलात वीस देऊन गुमान खाता. घरी जरा गार झाली तर ताट सरकवता."

त्यावर मला उत्तर सुचलं नाही. म्हणून वही घेऊन बसलो. ढाब्याच्या मालकाशी बोललो, तिथं भाकऱ्या करणाऱ्या मावशींशी बोललो आणि घरचं पीठही मोजलं. त्यातून जे कळलं ते इथं मांडतो. आकडे आमच्या भागातले आणि माझ्या वहीतले आहेत. तुमच्याकडं दोन-चार रुपये इकडं-तिकडं होतील.

रोटीपेक्षा भाकरी महाग का?

गहू आणि ज्वारी यांच्या पिठातच फरक आहे. गव्हाच्या पिठात ग्लुटेन तयार होतं. त्यामुळं कणीक ताणली तरी तुटत नाही. सकाळी मळलेली कणीक संध्याकाळी चालते. तंदूर एकदा तापला की एकाच वेळी पाच-सहा रोट्या आत चिकटवता येतात.

ज्वारीत ग्लुटेन नाही. तिथं पिठाला धरून ठेवतं ते गरम पाणी आणि हाताचा मळा. पाणी कढत असलं की पिठातला स्टार्च फुलतो आणि चिकटपणा येतो. हा चिकटपणा फार वेळ टिकत नाही. म्हणून भाकरीचं पीठ एकदम मळून ठेवता येत नाही. दोन-तीन भाकऱ्यांपुरतं घ्यायचं, तळहातानं रगडून मळायचं, थापायचं, भाजायचं आणि पुन्हा नवीन घ्यायचं.

थापणं हे तर शिकल्याशिवाय येतच नाही. कड जाड राहिली तर कच्ची राहते, मध्यात पातळ झाली तर तव्यावर टाकताना फाटते. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवायची, लगेच पाण्याचा हात फिरवायचा आणि पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला तर वरून तडकते. दुसरी बाजू नीट भाजली की मग आरावर धरायची, म्हणजे टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो.

आता दाबून भाकरी काढणारी यंत्रंही आलीत. पण गिऱ्हाईक "हातावरची आहे का?" असंच विचारतं, असं ढाब्याच्या मालकाचं म्हणणं.

वीस रुपये कुठं कुठं जातात?

ढाब्यावरची भाकरी घरच्यापेक्षा थोडी मोठी असते. एक किलो पिठात तिथं साधारण आठ बसतात. मालक चांगली मालदांडी किरकोळीत पन्नास रुपये किलोनं घेतो. दळण धरून किलोला सत्तावन्न-अठ्ठावन्न. म्हणजे एका भाकरीत सात रुपयांचं पीठ. गॅस तो दोन रुपये धरतो.

भाकऱ्या करणाऱ्या मावशींना रात्रीच्या पाळीचे ४८० रुपये मिळतात. साडेसहाला उभ्या राहिल्या की अकरापर्यंत दोन तव्यांवर दीडशे-एकशे साठ भाकऱ्या होतात. एका भाकरीला तीन रुपये मजुरी पडली. एकूण झाले बारा. उरलेल्या आठ रुपयांत जागेचं भाडं, वाढप्याचा पगार, लाईट, फुकटचा कांदा-ठेचा, फाटलेल्या आणि उरलेल्या भाकऱ्या आणि मालकाचा नफा.

हिशोब बघितल्यावर ढाबेवाला लुटतोय असं मला म्हणवलं नाही. त्याची खरी अडचण वेगळीच आहे. तो म्हणाला, "रोटीवाला पोरगा गेला तर दुसरा मिळतो. मावशी चार दिवस गावाला गेल्या तर मी पाटीवरची भाकरी पुसतो."

मावशींना विचारलं, घरी कोण करतं? त्या हसल्या. "घरी सून चपात्या करती. तिला भाकरी येत न्हाई. मी रात्री जाताना हितलीच दोन घेऊन जाते."

शेतकऱ्याच्या हातात काय येतं?

आपला सोलापूर जिल्हा रब्बी ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मालदांडी म्हणून आपण जी ओळखतो ती एम ३५-१, आपल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेली. काळ्या रानात, परतीच्या पावसाच्या ओलीवर येणारं हे पीक. सप्टेंबरच्या मध्यापासून पेरायचं आणि फेब्रुवारी-मार्चला काढायचं.

माझ्या कोरडवाहू रानात पाऊस बरा असला तर एकरी पाच क्विंटल होते. केंद्र सरकारनं २०२५-२६ च्या हंगामासाठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये जाहीर केला. मी मात्र गेल्या वेळी व्यापाऱ्याला किलोला ३१ रुपयांनी दिली. खरेदी केंद्र जवळ नव्हतं, साठवायला जागा नव्हती आणि मुलीच्या फीची तारीख पुढं ढकलता येत नव्हती.

आता भाकरीत मोजा. किलोला आठ भाकऱ्या, ३१ रुपये किलो. वीस रुपयांच्या भाकरीत माझे चार रुपयेसुद्धा नाहीत. एका एकरातल्या पाच क्विंटलच्या चार हजार भाकऱ्या होतात. ढाब्याच्या दरानं त्यांचे ८० हजार रुपये झाले. मला मिळाले साडेपंधरा हजार, आणि त्यातूनच पेरणी, खुरपणी, काढणी, मळणी.

ज्वारी टिकून आहे ती कडब्यामुळं. दावणीला जनावर असलं की ज्वारी पेरावीच लागते. पण काढणीला माणूस मिळत नाही. ज्वारी उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, सगळं वाकून करायचं काम. त्याआधी दाणा भरताना पाखरं राखायला दिवसभर कुणीतरी रानात हवं. ज्याला पाणी आहे तो उसाकडं वळतो. त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही, कारण पाणी असतं तर मीही वळलो असतो.

गरिबाची भाकरी पाव्हण्यांची कधी झाली?

आमच्या आजीच्या काळात चपाती सणाला आणि पाव्हणा आला तरच. रोज भाकरी. १९७२ च्या दुष्काळात ज्वारीच नव्हती तेव्हा परदेशातून आलेली लाल मिलो खाल्लेली माणसं अजून गावात आहेत. मिलोची भाकरी थापताना कशी तुटायची हे ती अजून सांगतात.

पुढं रेशनवर गहू-तांदूळ आला आणि ताट बदलत गेलं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो झाला, जानेवारी २०२३ पासून तो फुकट मिळतो. कित्येक घरांची चूल त्यावर पेटते, त्यामुळं तो नको असं कुणी म्हणू नये. पण घरात गहू फुकट येत असताना ज्वारी पन्नास रुपयांनी कोण विकत घेणार? शेतमजुराच्या घरातून भाकरी अशी निघून गेली. त्याच २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष साजरं झालं आणि शहरातल्या डॉक्टरांनी भाकरी खा म्हणून सांगायला सुरुवात केली.

आता उलटं झालंय. आमच्याकडं रोज चपाती आणि हॉटेलात गेलं की हौसेनं भाकरी. पाटीवर 'गावरान', 'चुलीवरची', 'घरगुती' असं लिहिलेलं असतं. आपल्या घरातली वस्तू पाटीवर आली की आपल्याला ती भारी वाटते.

घरच्या भाकरीची मजुरी

आता बायकोच्या बोलण्यावर येतो. आमच्या घरात सहा माणसं. दोन्ही वेळच्या मिळून दिवसाला वीस भाकऱ्या होतात. ढाब्यावरची मजुरी भाकरीला तीन रुपये. म्हणजे दिवसाला साठ, वर्षाला २१ हजार ९००. यात पीठ नाही, सरपण नाही, भाजी-आमटी नाही. नुसतं थापणं आणि भाजणं.

एका एकराच्या ज्वारीचे मला साडेपंधरा हजार आले होते. म्हणजे माझ्या एकरापेक्षा तिच्या परातीचं काम जास्त पैशाचं. आणि तिला ना पाळी बदलते, ना सुट्टी. गेल्या दोन वर्षांपासून तिचा उजवा मनगट दुखतो. रात्री तेल लावून फडकं बांधते, सकाळी पुन्हा परात. मी ते रोज बघत होतो, पण कधी हिशोबात धरलं नव्हतं.

आमच्या चावडीवर नेहमी ऐकू येतं, "आजकालच्या पोरींना भाकरी येत नाही." मीही हे बोललोय. आता वाटतं, पोरींचं काही चुकलं नाही. ज्या कामाला घरात किंमत नाही आणि शिव्या मात्र आहेत, ते त्या कशाला शिकतील? माझ्या पोराला तरी कुठं येतं? मावशींना ढाब्यावर ४८० रुपये मिळतात तेव्हा त्यालाच आपण कसब म्हणतो.

मग करायचं काय?

मोठे उपाय माझ्याकडं नाहीत. आमच्या घरापुरतं जे ठरवलं आणि जे पटलं ते सांगतो.

पीठ ताजं ठेवा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. मग कितीही मळा, भाकरी थापताना चिरते, चवही कडवट होते. आठ-पंधरा दिवसांपुरतंच दळून आणा. जुनं पीठ राहिलंच तर पाणी उकळून त्यात उकड काढा आणि मळा, बरंच सुधारतं. आपल्याकडं भाकरी तुटली की करणारीला बोलतात, पण पुष्कळदा दोष पिठाचा असतो.

हॉटेलात भाकरी मागवताना किंमतीवर भांडण्याआधी बघा. कड शिजलेली आहे का, पापुद्रा सुटतो का, गरम आली का. तसं असेल तर वीस रुपये देताना कुरकुर नको. कडक, जाड आणि गार भाकरी आली तर मात्र परत पाठवा, तेवढा हक्क आहे.

ज्यांच्या घरात चार जणींचा हात बसलेला आहे त्यांनी सोलापुरी कडक भाकरीचा विचार करावा. पातळ थापून पूर्ण वाळेपर्यंत भाजलेली ही भाकरी कोरड्या डब्यात बरेच दिवस टिकते. सीमेपलीकडं कर्नाटकातही अशीच कडक रोट्टी घरोघरी करून विकतात. दाणा विकण्यापेक्षा भाकरी विकली तर वीस रुपयांतले चारच्या जागी आणखी काही रुपये गावात राहतील. पण ती मजुरी करणारणीच्या हातात गेली पाहिजे, नाहीतर कष्ट तेच आणि मालक फक्त दुसरा.

आणि शेवटचं, पुरुष मंडळींसाठी. पीठ मळायला जोर लागतो, तो आपल्याकडं आहे. गेले तीन आठवडे संध्याकाळचं पीठ मी मळतो. पहिल्या दिवशी पाणी जास्त झालं, पिठाचा चिखल झाला, पोरं हसली. आता जमतं. थापायला अजून येत नाही, माझी भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी होते. बायको ती माझ्याच ताटात वाढते, आणि मी गुमान खातो.

यंदा पेरणीच्या वेळी दीड एकर ज्वारीला ठेवायचं आमचं ठरलंय. त्यातली दोन पोती विकायची नाहीत, घरी खायला.

तुमच्या भागात हॉटेलात भाकरी किती रुपयांना आहे, आणि ती करणाऱ्या बाईला त्यातले किती मिळतात? पहिला आकडा सगळ्यांना माहीत असतो. दुसरा विचारून बघा आणि आम्हाला कळवा.