साठीला बुलेट घ्यायचीय? मग आजपासून ‘नादाचं खातं’ उघडा!



कोल्हापुरात नाद नसलेला माणूस सापडणं अवघड. कुणाला कुस्तीचा, कुणाला फुटबॉलचा, तर कुणाला गाडीचा. आज बोलूया गाडीच्या नादाबद्दल आणि त्याच्या हिशोबाबद्दल.

आमच्या एका बॅचला उद्यमनगरातले एक काका होते. वय ५७, दोन लेथ, दोन कामगार, तीस वर्षं जॉबवर्क. क्लास सुटल्यावर थांबले आणि हळूच म्हणाले, “सर, आयुष्यभर दुसऱ्याच्या गाड्यांचे पार्ट केले. आता एक ६५० सीसी स्वतःसाठी घेतो म्हणतोय. खात्यात तीन लाख हायत, बाकीचं कर्ज काढतो.”

मी विचारलं, “काका, ते तीन लाख कुणाचे?”

काका गप्प. त्यातले दोन लाख पार्टीचा ॲडव्हान्स होता. म्हणजे उद्याचं मटेरियल!

हसू नका. ही चूक मी स्वतः केलीय. धंद्याच्या करंट खात्यातून गाडी उचलली आणि पुढच्याच महिन्यात सप्लायरला दिलेला चेक परत आला. गाडी दारात चमकत होती आणि मी सप्लायरचा फोन उचलत नव्हतो. लक्षात ठेवा, खात्यात दिसणारा पैसा आणि आपला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नोकरदाराला निवृत्तीला ग्रॅच्युइटी मिळते, पीएफ मिळतो. त्यातून त्यानं गाडी घेतली तरी मागे काहीतरी उरतं. आपल्याला कोण देणार? आपली ग्रॅच्युइटी आपणच साठवायची. म्हणून गाडी घेण्याआधी चार गोष्टी तपासा.

१. गाडीची खरी किंमत काढा. समजा गाडी ऑन रोड ४ लाखांना पडते. हेच ४ लाख साठीनंतर पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर २०२५ च्या ८.२ टक्के दरानं वर्षाला ३२,८०० रुपये व्याज येतं. म्हणजे महिन्याला सुमारे २,७०० रुपये. गाडी घेतली की हे उत्पन्न गेलं, वर विमा, पेट्रोल, सर्व्हिसिंग. एवढं सोडून घर चालतंय का? चालत असेल तर बिनधास्त घ्या.

२. कर्ज की बचत? ४ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर हप्ता सुमारे ८,७०० रुपये. एकूण भरणार जवळपास ५ लाख २२ हजार. उलट पोस्टाच्या आरडीत महिन्याला ६,००० टाकले, तर ६.७ टक्के दरानं पाच वर्षांत सुमारे ४ लाख २८ हजार जमतात. यात तुम्ही घातलेले फक्त ३ लाख ६० हजार! हेच तुमचं ‘नादाचं खातं’. पण ते भरायचं स्वतःच्या पगारातून, धंद्याच्या गल्ल्यातून नव्हे. स्वतःला पगार घेत नसाल तर आधी तो सुरू करा.

३. सीसी बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलवर जीएसटी १८ टक्के, त्याच्या वर ४० टक्के. अडीच लाख मूळ किमतीवर कर एकीकडे ४५ हजार, दुसरीकडे १ लाख. पन्हाळा, गगनबावडा, फार तर आंबोलीमार्गे गोवा, एवढंच फिरायचं असेल तर ३५० कमी पडते का, हे स्वतःला विचारा.

४. “फर्मच्या नावावर घे, टॅक्स वाचतो” या सल्ल्यापासून सावध राहा. अशा मोटारसायकलच्या जीएसटीचं क्रेडिट साधारणपणे मिळत नाही. घसाराही धंद्यासाठी जितकी वापरली तितकाच. रविवारची राधानगरी ट्रिप धंदा नव्हे! तुमच्या सीएंना विचारा.

आणि हो, लायसन्स बघा. पंचावन्ननंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं होतं, सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. गाडीला वजन असतं, गुडघ्याला वय असतं. आधी एक दिवस भाड्यानं चालवून, स्टँडवरून काढून बघा.

काकांनी काय केलं? घरी जाऊन हिशोब काकूंसमोर मांडला. काकू म्हणाल्या, “घ्या की ओ गाडी. पण कारखान्याच्या पैशातनं नको, आणि मागची सीट चांगली बघा.” ॲडव्हान्सचं मटेरियल आलं, माल वेळेत गेला, त्या पार्टीची ऑर्डर पुन्हा आली. आरडीचे २४ हप्ते झालेत. ६५० चा विचार सोडून काका आता ३५० वर आलेत. म्हणजे गाडी ठरल्यापेक्षा लवकरच दारात येणार.

मित्रांनो, नाद सोडू नका. कष्ट केलेत, तर मजा करायचा हक्क आहेच. फक्त त्या नादाचा हप्ता कामगाराच्या पगारातून आणि पार्टीच्या ॲडव्हान्समधून जाऊ देऊ नका.

आज रात्री एक काम करा. वहीचं कोरं पान घ्या, वर तुमच्या नादाचं नाव लिहा, खाली किंमत आणि महिन्याची रक्कम. तो आकडा घरच्यांना दाखवा आणि मग आम्हाला कमेंटमध्ये कळवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!