दात्यांची चढाओढ, याचकांची रांग

दोन शेजारी आहेत असे समजा. एकाने सणाच्या दिवशी गल्लीतल्या वीस घरांत तांदूळ वाटला. दुसऱ्याने पुढच्या सणाला चाळीस घरांत तांदूळ वाटला आणि वर तेलाचा एकेक डबा दिला. पहिल्याने मग कूपनलिका खणून कुंपणाबाहेर सर्वांसाठी नळ काढला, तेव्हा दुसऱ्याने गल्लीतल्या पोरांची शाळेची फी भरण्याचे जाहीर केले. गल्ली दोघांनाही दुवा देते. मात्र या दोघांच्या दानाचे मूळ करुणेत आहे की मत्सरात, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. दानशूर शेजाऱ्यांची ही चढाओढ नायजेरियातील हसता हसता गंभीर होणाऱ्या चित्रपटाला कथाबीज म्हणून सापडावी, यात नवल नाही. त्या देशाच्या सामाजिक जीवनातील एक जुने सत्य त्या कथाबीजात दडलेले आहे, आणि हसू ओसरल्यावर उरणारा प्रश्नही साधा नाही. दात्याचा हेतू अशुद्ध असेल, तर घेणाऱ्याने त्याची चिंता का करावी?

नायजेरियन चित्रपटाचा जन्मच मुळी शेजाऱ्याच्या नजरेत झाला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १९८० च्या दशकात नायराची घसरण झाली. परदेशातून फिल्म आणणे अवाक्याबाहेर गेले. रात्री घराबाहेर पडणे धोक्याचे झाल्याने चित्रपटगृहे ओस पडली. अशा वेळी केनेथ न्नेबुए या व्यापाऱ्याने १९९२ मध्ये ‘लिव्हिंग इन बॉन्डेज’ हा इग्बो भाषेतील चित्रपट थेट व्हिडिओ कॅसेटवर बाजारात आणला, आणि दिवाणखान्यात बसून पाहण्याच्या चित्रपटाचा एक प्रचंड उद्योग उभा राहिला. २००६ या वर्षासाठी युनेस्कोने केलेल्या गणनेत भारतात १,०९१, नायजेरियात ८७२ आणि अमेरिकेत ४८५ चित्रपट निघाल्याची नोंद आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटांवर पिढ्यानपिढ्या पोसलेल्या उत्तरेकडील कानो शहरात तर हौसा भाषेतील चित्रपटांनी आपली गाणी आणि नृत्ये बऱ्याच अंशी आपल्याकडूनच उचलली. परंतु दक्षिणेकडील चित्रपटाचा जीव गाण्यात नव्हता. तो होता घर, नाते, पैसा आणि शेजार यांच्या गुंत्यात.

संपत्तीचा दाखला

‘लिव्हिंग इन बॉन्डेज’चा नायक झटपट श्रीमंतीच्या लोभाने एका गुप्त पंथात शिरतो आणि आपल्या पत्नीचा बळी देतो. ही कथा तेथील प्रेक्षकाला केवळ भयकथा वाटली नाही. काल आपल्यासारखाच पायी हिंडणारा माणूस आज मोटारीतून उतरतो, तेव्हा ‘याने पैसा आणला कोठून?’ हा प्रश्न शेजाऱ्याच्या मनात येतोच. तेलाच्या पैशाने अल्पावधीत काही घरांचे मजले चढले आणि बाकीची घरे होती तेथेच राहिली, अशा देशात या प्रश्नाला धार येणे स्वाभाविक होते. दान हे या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. जो वाटतो त्याची संपत्ती गल्ली आपलीशी करते, आणि जो वाटत नाही त्याच्याविषयी कुजबुज सुरू होते. म्हणजेच दान हा पुष्कळदा औदार्याचा आविष्कार नसून संपत्तीला मिळवलेला चारित्र्याचा दाखला असतो. असा दाखला दोन शेजाऱ्यांना एकाच गल्लीकडून हवा असला, की चढाओढ ओघानेच आली.

या चढाओढीची लोभस रूपेही आहेत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. नैर्ऋत्येकडील योरुबा प्रदेशात एकाच कुटुंबात ख्रिस्ती आणि मुसलमान सुखाने नांदतात. ईदला मुसलमान शेजाऱ्याकडून मेंढ्याचे मांस येते, नाताळला ख्रिस्ती शेजाऱ्याकडून भात आणि कोंबडी जाते. कोणाचा मेंढा मोठा, यावर गल्लीत चर्चा रंगते, आणि मेंढा जितका मोठा तितके शेजाऱ्यांच्या ताटात अधिक पडते. लागोसमध्ये समोरासमोर खोल्या असलेल्या, आपल्या चाळींची आठवण करून देणाऱ्या भाड्याच्या इमारती आहेत. अरुंद बोळाच्या दोन्ही बाजूंना दारे, स्वयंपाकघर सामायिक, नळ सामायिक. तिथे कोणाच्या घरी काय शिजले हे लपत नाही आणि कोणाच्या घरी काहीच शिजले नाही हेही लपत नाही. अशा ठिकाणी देणे हे पुण्यकर्म असण्याआधी सहवासाची अट असते. ‘बॅटल ऑन बुका स्ट्रीट’ या २०२२ च्या चित्रपटात एकाच बापाच्या दोन मुली जेवण विकण्याच्या धंद्यात एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होतात. तो चित्रपट तिथे विक्रमी चालला. ‘बुका’ म्हणजे रस्त्याकडेची साधी खानावळ. तिथे जेवण विकले जाते, वाटले जात नाही, हे खरे. परंतु भरलेले ताट आणि शेजारणीचा हेवा यांच्यातले नाते प्रेक्षकांनी लगेच ओळखले.

स्पर्धेतून उभ्या राहिलेल्या शाळा

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की या स्पर्धेने त्या देशात टिकाऊ कामेही केली आहेत. ब्रिटिश अमदानीत शहरात नोकरीला आलेल्या लोकांनी आपापल्या गावांचे आणि जमातींचे संघ काढले. इबिबिओ लोकांच्या संघाने १९३८ मध्ये वर्गणीच्या बळावर सहा तरुणांना उच्च शिक्षणासाठी परदेशी धाडले. शेजाऱ्यांचे सहा गेले म्हटल्यावर इतर जमातींच्या संघांना स्वस्थ बसणे शक्य नव्हते. चिनुआ अचेबे यांच्या ‘नो लाँगर ॲट ईज’ या १९६० च्या कादंबरीचा नायक गावाच्या अशाच संघाच्या पैशावर इंग्लंडला शिकतो. परत आल्यावर संघाचे कर्ज फेडायचे, गावाला शोभेल अशा थाटात राहायचे आणि शिवाय नेकीने वागायचे, या ओझ्याखाली तो वाकतो आणि अखेर लाच घेतो. घेणाऱ्याच्या पाठीवर दान किती जड होऊ शकते, हे अचेबे यांनी फार पूर्वी दाखवून ठेवले आहे.

पुढे राज्यकर्त्यांनीही हाच शेजारधर्म पाळला. ओबाफेमी अवोलोवो यांच्या पश्चिम प्रदेशाने १९५५ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केले. न्नामदी अझिकिवे यांच्या पूर्व प्रदेशाने १९५७ मध्ये तसेच पाऊल उचलले. १९५९ मध्ये इबादानला दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले, तर वर्षभरात पूर्वेकडे एनुगूलाही ते आले. १९६० मध्ये पूर्वेकडे न्सुक्का येथे विद्यापीठ उघडले आणि १९६२ मध्ये पश्चिमेकडे इफे व उत्तरेकडे झारिया येथे विद्यापीठे निघाली. मत्सराने याहून चांगले काम क्वचितच केले असेल. परंतु याच इतिहासात एक इशाराही आहे. पूर्व प्रदेशाने शेजाऱ्याकडे पाहून मोफत शिक्षणाची घोषणा केली खरी, पण तिजोरीचा हिशेब जमला नाही. १९५८ मध्ये बऱ्याच प्रमाणात फी पुन्हा लावावी लागली आणि संतापलेल्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. शेजाऱ्याला हरवण्यासाठी दिलेले दान शेजारी पाहत असेपर्यंतच टिकते. खर्च कोणाच्या गरजेप्रमाणे ठरला, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारलेला नसतो.

तरीही त्या स्पर्धेत एक गुण होता. शाळा उभी राहिली की ती दिसते, आणि बंद पडली की तेही दिसते. दात्याला मतपेटीपुढे जाब द्यावा लागतो. दानाची स्पर्धा जेव्हा वस्तूकडून समारंभाकडे वळते, तेव्हा हा गुण लोपतो. नायजेरियात निधी उभारण्यासाठी होणाऱ्या समारंभाला ‘लाँचिंग’ म्हणतात. निवेदक एकेकाचे नाव पुकारतो, मानकरी आपला आकडा जाहीर करतो, टाळ्या पडतात आणि पुढचा मानकरी त्याहून मोठा आकडा सांगतो. जाहीर झालेला प्रत्येक आकडा पुढे तिजोरीत जमा होतोच असे नाही. लग्नसमारंभात नाचणाऱ्याच्या कपाळावर नोटा चिकटवण्याची प्रथा तर इतकी फोफावली, की मध्यवर्ती बँकेच्या २००७ च्या कायद्याने नोटा उधळणे आणि तुडवणे हा गुन्हा ठरवला. राजकारणाने याच्याही पुढची पायरी गाठली. २०१४ च्या एकिती राज्यातील निवडणुकीनंतर ‘पोटाची पायाभूत सुविधा’ अशा अर्थाचा एक इंग्रजी शब्दप्रयोग तिथे रूढ झाला. रस्ता आणि दवाखाना नंतर पाहू, आधी तांदळाची पिशवी घ्या, हा त्याचा सरळ मथितार्थ.

तीन प्रवेशद्वारे

या विनोदाचा शोकान्त २०२४ च्या डिसेंबरात साऱ्या जगाने पाहिला. २०२३ च्या मे महिन्याअखेर पेट्रोलवरील सरकारी अनुदान बंद झाल्याचे जाहीर झाले, पाठोपाठ नायराचा भाव बाजारावर सोडण्यात आला, आणि दीड वर्षात खाद्यपदार्थांच्या महागाईचा वार्षिक दर ३९ टक्क्यांच्या वर गेला. नाताळ तोंडावर होता आणि वाटपाचे कार्यक्रम जागोजागी ठरले होते. १८ डिसेंबरला इबादानमध्ये एका शाळेच्या आवारात मुलांसाठी आनंदमेळावा होता. पैसे आणि खाऊ मिळणार, ही वार्ता पसरली. तिथे झालेल्या चेंगराचेंगरीत ३५ मुले दगावली. तीनच दिवसांनी, २१ डिसेंबरला, अनाम्ब्रा राज्यातील ओकिजा येथे तांदळाच्या वाटपाच्या वेळी २२ जण आणि त्याच दिवशी राजधानी अबुजातील एका चर्चच्या आवारात १० जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांत ६७ जीव गेले. त्यांपैकी कोणी शस्त्राने मेला नाही की रोगाने मेला नाही. सारे दानाच्या दारात मेले.

हा अपघात होता, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. २८ मे २०२२ रोजी पोर्ट हारकोर्ट येथे एका चर्चच्या मदतवाटपात ३१ माणसे अशीच चिरडली गेली होती. त्यापासून कोणी काही शिकले असते, तर दारे अधिक ठेवली असती, चिठ्ठ्या आधी वाटल्या असत्या, धान्य गल्लीगल्लीत पोहोचवले असते. हे तंत्र अवघड नाही. पण धान्य असे शांतपणे घरोघर पोहोचले, तर गर्दी जमत नाही, आणि गर्दी जमली नाही तर दानाचे मोठेपण मोजायचे कशाने? या वाटपांमागे हेवा होता असा आरोप करण्याचे कारण नाही. अनेकांचा हेतू निर्मळच असेल. परंतु ज्या समाजात दानाचे माप रांगेच्या लांबीने घेण्याची सवय पडली आहे, तिथे निर्मळ हेतूच्या दात्यालाही एकच प्रवेशद्वार आणि हजारोंचा जमाव ही व्यवस्था स्वाभाविक वाटू लागते.

प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळायचे, तर उत्तर असे देता येईल. दात्याच्या मनात काय आहे याची झडती घेण्याचे कारण घेणाऱ्याला नाही. मत्सराने खणलेल्या कूपनलिकेचे पाणीही गोडच लागते. परंतु हेतू मनातच राहत नाही, तो दानाच्या पद्धतीत उतरतो. ज्याला तहान भागवायची आहे तो नळ काढतो आणि आपल्या कामाला लागतो. ज्याला शेजाऱ्याला हरवायचे आहे तो नळाच्या उद्घाटनाला माणसे जमवतो, आणि पुढच्या वर्षी नळ बिघडला तर त्याचे लक्ष नसते. गरजूला तेव्हा दोन नोकऱ्या कराव्या लागतात. भूक तर त्याची असतेच, शिवाय दात्याच्या मोठेपणाचा प्रेक्षक म्हणूनही त्याला उभे राहावे लागते.

आणि दोन शेजाऱ्यांच्या चढाओढीत तिसरा एक जण मजेत राहतो. तो म्हणजे शासन. नायजेरियात असे उपहासाने म्हणतात, की प्रत्येक घर हेच एक स्थानिक सरकार आहे. वीज स्वतःच्या जनरेटरची, पाणी स्वतःच्या कूपनलिकेचे, पहारा स्वतःच्या रखवालदाराचा. ज्याला हे परवडते तो उरलेले कुंपणाबाहेर देतो आणि दानशूर ठरतो. ज्याला परवडत नाही तो कुंपणाबाहेर उभा राहतो. नळ कोणी दिला यावर गल्ली भांडत असते, तोवर नळ देणे ज्यांचे कर्तव्य होते त्यांची आठवण कोणाला होत नाही. १९५५ साली ज्या देशातील दोन प्रदेश शाळांसाठी एकमेकांशी झगडत होते, त्याच देशात तांदळाच्या पिशवीसाठी आया मुलांना कडेवर घेऊन पहाटेपासून रांगेत उभ्या राहतात, हा अधःपात दानशूरांच्या संख्येने भरून निघणारा नाही.

दोन दात्यांच्या भांडणावर प्रेक्षकांनी जरूर हसावे. हसण्यासारखे त्यात पुष्कळ आहे. मात्र हसताना नजर त्या दोघांच्या अंगणात न ठेवता कुंपणाबाहेरच्या रांगेकडे वळवली पाहिजे. पुढच्या सणाला ती रांग आखूड झाली, तरच कोणी तरी जिंकले असे म्हणता येईल. ती लांबली, तर दोन्ही शेजारी हरले आणि त्यांच्याबरोबर साऱ्या गल्लीची हार झाली.