अर्ध्या इंचाचा एक फूट

२०२१ साली इटलीतून एक बातमी आली आणि आमच्या बुलडाणा जिल्ह्यातली चार-पाच माणसं कामाला लागली. बोलोन्याजवळच्या कालदेरारा दी रेनो या गावातली इटालेरी कंपनी विलीज जीपचा प्लास्टिकचा नवा किट आणणार होती, १:२४ या प्रमाणात. पहिल्या जीप १९४१ साली कारखान्यातून बाहेर पडल्या होत्या, त्याला ८० वर्षं होत होती, हे त्याचं निमित्त. किट म्हणजे तयार खेळणं नव्हे. डब्यात फक्त सुटे भाग. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे, आणि मग ओंजळीत मावेल एवढी गाडी उभी राहते.

आमच्यात चिखलीचे चित्रकलेचे एक शिक्षक आहेत, मेहकरचा एक वायरमन आहे, नांदुऱ्याचा फार्मसी शिकणारा एक मुलगा आहे, आणि खामगावचा मी. जपानी स्पोर्ट्स कारचे किट आम्ही आधी केले होते. टामिया या जपानी कंपनीचे भाग इतके नेमके बसतात की हात थांबतच नाही. पण त्या गाड्या आमच्या रस्त्यांवर कधी धावल्या नाहीत. जीपचं तसं नाही. जिल्ह्यातल्या तिशीपुढच्या कोणालाही विचारा, तो जीपच्या वंशजात बसलेला असतो. शेगाव-खामगाव, मेहकर-लोणार, चिखली-देऊळगाव राजा, सगळीकडे काळी-पिवळी. ती बहुधा महिंद्राची कमांडर. कागदावर दहा माणसांची. आत किती, ते बाजाराच्या दिवसावर अवलंबून. मागच्या आडव्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लागलेला, मांडीवर पिशवी, टपावर पोती आणि सायकल, आणि राजूर घाट चढताना इंजिनाचा आवाज असा की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे.

कमांडरचा किट कोणी काढील ही आशा आम्ही धरलीच नव्हती. त्याचं कारण साचा. पोलादाच्या दोन ठोकळ्यांत गाडीचा प्रत्येक भाग उलटा कोरतात, त्यात वितळलेलं पॉलिस्टायरिन दाबाने भरतात, आणि थंड झालं की जाळीला लटकलेले भाग बाहेर येतात. प्लास्टिक स्वस्त असतं, साचा फार महाग. हजारो डबे खपल्याशिवाय तो परवडत नाही, म्हणून ज्या गाडीवर साऱ्या जगाचा जीव, तिचाच साचा कोरला जातो. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. त्या गाडीला गिऱ्हाईक जगभर आहे.

आणि विलीजपासून कमांडरपर्यंतची वाट आम्हाला ठाऊक होती. स्वातंत्र्याच्या आगेमागे महिंद्राने विलीज जीप भारतात आणायला सुरुवात केली. सुटे भाग जहाजाने खोक्यांतून मुंबईला यायचे आणि माझगावात जोडले जायचे. म्हणजे महिंद्राची पहिली जीपसुद्धा डब्यातून निघालेले भाग जोडूनच उभी राहिली. हे मला कळलं तेव्हा या छंदाकडे बघण्याची माझी नजर बदलली. आपण टेबलावर करतो ते काम आणि माझगावच्या कामगारांनी केलेलं काम एकाच जातीचं आहे, फक्त आपला पाना लहान.

किट हातात यायला वेळ होता. या छंदातला खरा अभ्यास याच काळात होतो, असं माझं ठाम मत आहे. डबा समोर असला की माणूस कागदावरचे आकडे बघून भाग जोडत सुटतो. डबा नसतो तेव्हा तो गाडी बघतो. चिखलीच्या सरांनी युद्धातल्या जीपची छायाचित्रं जमवली आणि पहिल्याच बैठकीत पुढच्या जाळीवर बोट ठेवलं. युद्धातल्या विलीज एमबीच्या जाळीला नऊ फटी. पुढे भारतात वर्षानुवर्षं बनलेल्या सीजे-३बीला सात. आणि बोनेट! एमबीचं बोनेट बसकं, सीजे-३बीचं उंच, कारण १९५३ साली त्या गाडीत जे हरिकेन इंजिन बसवलं ते जुन्यापेक्षा उंच होतं. आपल्याकडच्या जीपचा तो उंच कपाळाचा चेहरा अशा एका इंजिनामुळे आला. कमांडर तर त्याच्याही पुढची. मागे लांबवलेली, डिझेलवर चालणारी. म्हणजे इटालेरीच्या डब्यातून चासी, चाकं, धुरे, स्टिअरिंग, पाटे घ्यायचे, आणि उरलेली गाडी स्वतः घडवायची, हे ठरलं.

त्यासाठी खरी कमांडर मोजायला हवी होती. शेगावात स्टेशनकडच्या रस्त्याला एक जुनी उभी असायची, एमएच-२८ ची. चालक साठीकडे झुकलेले. आम्ही टेप काढला तसे ते जवळ आले.

“काहून मोजून राह्यले सर? गाडी घ्याची हाय का?”

सरांनी वही दाखवली. “नाही काका, हिची लहान प्रतिकृती करायची आहे. एवढी.” त्यांनी तळहात आणि वर चार बोटं दाखवली.

काका हसले नाहीत. त्यांनी स्वतः टेपचं दुसरं टोक धरलं. दोन धुऱ्यांमधलं अंतर, बाकाची उंची, टपाच्या कॅरिअरचे आडवे गज, मागच्या फळक्याच्या कड्या, सगळं ते सांगत गेले आणि सर लिहीत गेले. १:२४ चा हिशेब आपल्या सुताराला लगेच कळेल असा आहे: खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे टेबलावरचा अर्धा इंच. एमबीची लांबी साधारण ११ फूट, म्हणजे किटमधली जीप साडेपाच इंच. कमांडर त्याहून बरीच लांब. काकांचं एक वाक्य वहीत जसंच्या तसं आहे: “डावा दरवाजा मूळचा नाही, तो खामगावात बनवेल हाय.” असली माहिती कोणत्याही किटच्या कागदावर नसते.

सामान जमवण्यात खामगावचा मोठा आधार झाला. हे चांदीचं गाव. कारागिरांना लागणाऱ्या अवजारांच्या दुकानात बारीक कानशी, चिमटे, केसासारख्या पात्याची करवत मिळते, आणि प्लास्टिकवर ती छान चालतात. कॅरिअरचे गज वायरमनच्या पिशवीतून आले. सोललेली तांब्याची तार दोन पकडींत ताणली की ती सुतासारखी सरळ होते. रंगासाठी डेंटिंग-पेंटिंगवाल्यांच्या दुकानातला ड्यूको आणि थिनर, पण जपून. जाड थर पडला तर थिनर प्लास्टिकच खातो, म्हणून आधी प्रायमर आणि मग पातळ पातळ हात. डिंकाचीही अशीच गंमत आहे. किटला लागणारा पातळ डिंक चिकटवत नाही, तो दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. सांध्याला ब्रश नुसता टेकवला की तो आपोआप आत ओढला जातो. फेविक्विक काचेजवळ नेऊ नये, त्याच्या वाफेने पारदर्शक भाग धुरकट होतो. काचेला साधा फेविकॉल. वाळला की दिसतसुद्धा नाही.

डबा मिळवणं हे वेगळंच प्रकरण. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, पुढे २०२३ मध्ये ७०. १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचा शिक्काही सक्तीचा झाला. तो १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी, आणि किट मोठ्यांसाठी असतो. तरी मागवताना जीव धास्तावतोच. देशी खेळण्यांना आधार मिळावा हा हेतू मला मान्य आहे. पण मग इथेच किट का बनू नयेत? एअरफिक्स ही जुनी इंग्रजी कंपनी, तिचे कितीतरी किट भारतात ओतले गेले आहेत, डब्यावर ‘मेड इन इंडिया’ असं छापलेलं असतं. इंग्रजांचं स्पिटफायर विमान आपल्या यंत्रांवर ओतता येतं, तर ॲम्बॅसेडर, कमांडर, लाल एसटी का नाही? एसटीची प्रतिकृती सनबोर्ड कापून घरी बनवणारी पोरं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्यांच्या हातात एक चांगला साचा पडला तर काय काय उभं राहील, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

डबा आला तेव्हा आम्ही सगळे माझ्या घरी जमलो. नवा किट उघडताना कोणी भाग तोडायला धावत नाही. आधी भागांच्या जाळ्या उजेडासमोर धरायच्या. साच्याचे दोन ठोकळे जिथे मिळतात तिथे भागावर बारीक रेघ राहते, ती कुठे आहे हे बघायचं. प्लास्टिक थंड होताना जाड जागी खड्डा पडतो, तो नखाने शोधायचा. मग भाग न चिकटवता एकमेकांत बसवून पाहायचे. नांदुऱ्याच्या मुलाने जीपच्या पुढच्या जाळीवरच्या फटी मोजल्या. नऊ. ती जाळी त्याने मागून घेतली, त्याला स्वतःची युद्धातली जीप करायची आहे.

पहिलं काम कापण्याचं. कोऱ्या किटची चासी मधोमध कापताना पोटात गोळा येतो, पण लांबी वाढवायला दुसरा मार्ग नाही. सरांनी चौकोनी लाकडी ठोकळ्यात चासी आवळली, पेन्सिलीची खूण केली आणि चांदीवाल्यांच्या करवतीने ओढत-ओढत कापली. ढकलली तर पातं वाकतं. मध्ये स्टायरिनची पट्टी घातली, आतून दुसरी पट्टी आधाराला. आडव्या बाकांना सनबोर्ड चालला नाही, त्याची कड जाड दिसते. शेवटी पातळ स्टायरिन पत्राच घडी घालून वाकवला.

रंगाची वेळ आमच्याकडे ऋतू ठरवतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे गेला की फवारा हवेतच वाळतो आणि गाडीवर रंगाऐवजी धूळ बसते. हात फिरवला की खरखरीत. म्हणून पहाटे फवारायचं. पावसाळ्यात उलटी अडचण, दमट हवेत ड्यूकोवर पांढुरकी झाक येते. आणि पिवळा रंग तर सगळ्यांत हट्टी. काळ्यावर तो कितीही मारला तरी उठत नाही, त्यामुळे टप आधी पांढरा, मग पिवळा, मग तो झाकून खाली काळा. पिवळा कोणता, यावर वाद अजून मिटलेला नाही. वायरमन म्हणतो नव्या गाडीसारखा हवा. मी म्हणतो उन्हाने विटलेला हवा, कारण विटलेल्या टपाखालीच आम्ही सगळे बसलो आहोत.

अर्धी झालेली गाडी घेऊन आम्ही शेगावला गेलो. काकांनी ती तळहातावर घेतली, उलटी करून खालून पाहिली, पाटे मोजले. मग मागची बाजू डोळ्यांजवळ नेली.

“बाकी बराबर हाय सर. पण मांगचं पायदान कुठी हाय? पायदान नसल तं माणूस लटकल कुठी?”