सोनेरी बटांची परतवाट

नवरात्र संपता संपता आमची भाची घरी आली ती डोक्याला ओढणी गुंडाळूनच. ओढणी सुटली आणि उलगडा झाला. चार महिन्यांपूर्वी हौसेने करून घेतलेल्या सोनेरी बटा चक्क शेवाळी झाल्या होत्या! नव्या नोकरीवर साध्या केसांनी जावे म्हणून तिने घरीच गडद तपकिरी डाय लावला होता.

"मावशी, पुड्यावर तर तपकिरीच लिहिलं होतं गं!"

पुडा खोटे बोलत नव्हता. हायलाइट करताना हायड्रोजन पेरॉक्साइड केसांतले मूळचे रंगद्रव्य फोडते. काळेपण आधी जाते, मग तांबूस, मग नारिंगी. मागे राहतो फिकट पिवळा. म्हणजे सोनेरी हा चढवलेला रंग नव्हे, उरलेला रंग! आपल्या काळ्या केसांच्या पोटात तांबडा असतो, हे आपल्या ध्यानीमनीही नसते. तो गेल्यावर पिवळ्यावर थेट गडद डाय ओतला, की त्यातली निळसर छटा हिरवी होऊन उमटते. म्हणून जाणते कारागीर आधी बटांना तांबूस रंग परत देतात आणि मगच गडद चढवतात. तोही हव्या रंगाहून एक छटा फिकाच. कारण ब्लीच झालेला केस सच्छिद्र, तो रंग अधाशासारखा पितो. आणि सगळ्या डोक्याआधी मागची एक बट रंगवून पाहतात.

हे सारे सांगून मी मोकळी झाले असते, पण भाची सहज म्हणाली, "त्या रात्री कानामागे खाज सुटली होती थोडी." मी हादरलेच. बहिणीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मीही घाईने चार पांढरे केस रंगवले होते. सकाळी दोन्ही डोळे सुजून मिटलेले. मंगलाष्टका मी इस्पितळात मनातल्या मनात म्हटल्या!

या खोडीचे नाव पॅराफेनिलीनडायअमीन. बहुतेक गडद डायमध्ये ते असते. बाजारातल्या 'काळ्या मेंदी'तही पुष्कळदा असते. दहा वेळा सोसलेला डाय अकराव्या वेळी बाधू शकतो, आणि एकदा जडलेले वावडे सहसा जात नाही. म्हणून दर वेळी कानामागे किंवा कोपराच्या आत थेंबभर लावून 48 तास थांबायचे. पुड्यावर हे बारीक अक्षरांत छापलेले असते. आपण वाचतो कुठे?

खाज शमल्यावर भाचीला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून पाहिले. वावडे ठरले, डायचा दरवाजा बंद.

मग आठवली जुनी दुपदरी रीत. आधी शुद्ध मेंदी, नंतर निळीच्या पाल्याची पूड (कपड्यांची नीळ नव्हे हो!). म्हणजे आधी तांबडा, मग गडद, कारागिराचाच हिशेब! मात्र मेंदीत दुसरे काही मिसळलेले नाही हे पारखून घेतले, आणि यांचीही चाचणी आधी कानामागे केलीच. एकदा नीळ चढली, की पुन्हा ब्लीचचे नाव काढायचे नाही, हेही तिला बजावले. नाही तर पुन्हा शेवाळ.

पहिल्या दिवशी रंग जरा विचित्रच वाटला. दोन दिवसांत तो गडद होत गेला. नरक चतुर्दशीच्या पहाटे न्हाऊन ती अंगणात केस वाळवत बसली, तेव्हा उन्हात बटा किंचित तांबूस चमकत होत्या. "शेजारच्या काकूंनी विचारलं, कुठल्या पार्लरमध्ये केलंस?" ती हसत सांगत होती.